कोण पाहिजे?

काळाचौकीत हल्ली घर विकत नाहीत. सुरक्षा विकतात, घर तिच्यासोबत येतं. दत्ताराम लाड मार्गावरून लालबागकडे चालत निघा आणि नव्या टॉवरांचे फलक वाचा. वर ढगात घुसलेली इमारत, खाली निळाशार तलाव, तलावाकाठी हसणारं कुटुंब (आपल्याकडचं वाटत नाही, बहुधा चित्रासोबतच आलेलं असावं) आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘पाच थरांची सुरक्षा’. रस्त्यावरचं गेट, मग लॉबी, मग लिफ्टचं कार्ड, मग मजल्यावरचा कॅमेरा, मग दारावरचा व्हिडिओ फोन. पाच थर तर आमची पोरं गोकुळाष्टमीच्या सरावात पहिल्याच दिवशी लावतात, पण ते असो.

ही एवढी सुरक्षा कोणापासून, असं विचारलं की नमुना फ्लॅट दाखवणारा टाय लावलेला मुलगा आवाज खाली आणतो. “काय आहे ना सर, आजूबाजूचा एरिया जरा जुना आहे.” जुना एरिया म्हणजे आपण. ज्यांच्या चाळी पाडून टॉवर उभा राहिला, ते. त्यांची इमारत मागच्या गल्लीत, गेट वेगळं, लिफ्ट वेगळी. पुढच्या टॉवरला इंग्रजी नाव, मागच्या इमारतीला नुसतं ‘रिहॅब’. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीवर काचा. एकाच प्लॉटवर राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची भीती वाटावी, याची सोय नकाशातच करून ठेवलेली.

गुन्हा आणि गुन्ह्याची भीती यांचं आपसात फारसं पटत नाही, हे अभ्यासकांना केव्हाच कळलं आहे. ब्रिटनमधल्या गुन्हेविषयक पाहण्यांत वर्षानुवर्षं हेच दिसत आलं: सगळ्यांत जास्त घाबरतात त्या वयस्क बायका, आणि मार खातात ती सगळ्यांत कमी घाबरणारी तरुण पोरं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? रात्री अकरानंतर रस्त्याची धास्ती आजीला, आणि नाक्यावर डोकं फुटतं ते नातवाचं. भीती पोलिसांच्या आकड्यांवर वाढत नाही. बंद दिवा, आंधळा जिना, कोणीच बसत नाही असा पॅसेज यांवर वाढते.

हे सगळ्यांत ठासून सांगितलं ऑस्कर न्यूमन नावाच्या अमेरिकी वास्तुतज्ज्ञानं, १९७२ साली, ‘डिफेन्सिबल स्पेस’ या पुस्तकात. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात सरकारी घरांच्या दोन वसाहती समोरासमोर होत्या. ब्राउन्सव्हिल बुटकी, तीन ते सहा मजल्यांची. व्हॅन डाइकमध्ये तेरा-चौदा मजली मनोरे. माणसं त्याच ऐपतीची, दाटीही जवळपास तेवढीच. गुन्हे मात्र मनोऱ्यांत कितीतरी जास्त. न्यूमनचं म्हणणं सरळ होतं: ज्या जिन्यावर दीडशे कुटुंबांचा हक्क, तो जिना कोणाचाच नसतो. त्याच वर्षी सेंट लुइस शहरात प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या, अकरा मजली वसाहतीला सुरुंग लावायला सुरुवात झाली. ती बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. न्यूमनवर टीकाही भरपूर झाली. गरिबी, वंशभेद, देखभालीला नसलेला पैसा हे सगळं बाजूला ठेवून त्यानं खापर भिंतींवर फोडलं, असं म्हणणारे चुकीचे नव्हते. पण जिन्याबद्दल त्याला खोटं ठरवणारा अजून भेटलेला नाही.

त्याच्या अकरा वर्षं आधी जेन जेकब्ज या बाईंनी लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ती रस्त्यावर लागलेली डोळ्यांची रांग: दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, येणारे-जाणारे. पोलीस त्यानंतर. बाईंनी हे न्यू यॉर्कच्या गल्लीत बसून लिहिलं. गिरणगावात बसून लिहिलं असतं तर पुस्तक निम्म्या पानांत आटोपलं असतं.

कारण गिरण्या चालू होत्या तेव्हा इथे रात्र अशी नव्हतीच. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. भोंगा झाला की एक लोंढा आत आणि एक बाहेर. मध्यरात्री बाराला आंबेकर मार्गावर चहाची किटली गरम, पानवाला जागा, खाणावळीच्या दारात बाई पाळीवरून येणाऱ्याचं ताट झाकून उभी. कोणाची लेक उशिरा परतली तर रस्त्यात तिला चार ओळखीचे काका भेटायचे (आणि घरी पोचायच्या आत बातमी पोचायची, ते पुढे बोलू). १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि परत आत जाणं बहुतेकांच्या नशिबी आलं नाही. त्यांची मजुरी गेली, हे सगळे लिहितात. रस्त्याची तिसरी पाळीही गेली, हे कोणी लिहीत नाही. उरली ती गिरणीची लांबच लांब भिंत, जिला खिडकी नाही, दुकान नाही, दिवा असला तर फुटका. अशा भिंतीच्या आत काय होऊ शकतं, ते २२ ऑगस्ट २०१३ ला महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या पडक्या आवारात झालेल्या सामूहिक बलात्कारात साऱ्या देशानं पाहिलं. त्यानंतर मागणी झाली ती उंच भिंतीची आणि जास्त पहाऱ्याची. तिथे माणसांची वर्दळ आणा, असं म्हणणारे थोडे निघाले.

काळाचौकीतल्या इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन नंबरच्या आवारात महापालिकेचं वस्त्रसंग्रहालय व्हायचं आहे. होईल तेव्हा होवो. रात्री आठनंतर त्याला कुलूप लावू नका, एवढंच सांगणं आहे.

आता कोणी म्हणेल, हा आला चाळीच्या आठवणींचा उमाळा. तसं काही नाही. चाळीत राहून आलेल्या माणसाला चाळीचे गोडवे गाणं जमत नाही. ते काम चाळ फक्त नाटकात पाहिलेल्यांचं. जे डोळे चोराला ओळखायचे, तेच डोळे शेजारच्या मुलीला कोण सोडायला आलं हेही टिपायचे. १९९२-९३ च्या दंगलीत चाळीचाळींतून रात्रीच्या गस्ती बसल्या, तेव्हा त्याच डोळ्यांनी शेजाऱ्याचा धर्मही मोजून घेतला. आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासात रात्री दोनला एकटीनं जायची भीती ही कुठल्याही पाहणीत न सापडणारी, पण घराघरातल्या बाईला माहीत असलेली भीती होती. बत्ती आणि डबा घेऊन सासूला उठवायचं, सासूनं नणंदेला उठवायचं. चाळीच्या एकोप्यावर भाषणं देणाऱ्यांना या मिरवणुकीत एकदा उभं करायला हवं होतं.

शिवाय न्यूमनच्या सगळ्या अटी तंतोतंत पाळणारी एक वास्तू आपल्याकडेही होऊन गेली. आत यायला एकच वाट. आल्यागेल्यावर नजर. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. परका माणूस पाचव्या पावलाला हेरला जाणार. भायखळ्याची दगडी चाळ, अरुण गवळीच्या टोळीचा अड्डा. तिथे पहारा फक्त उलट्या बाजूनं होता: आतल्या माणसाचं पोलिसांपासून रक्षण. संपानंतरच्या वर्षांत बेकार झालेल्या घरांतली पोरं टोळ्यांना मिळाली, आणि त्या काळात भीती बाहेरून येत नव्हती, ती आपल्याच मजल्यावर लहानाची मोठी झाली होती. हाच गवळी २००४ साली चिंचपोकळीतून आमदार झाला आणि २०१२ साली नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनात दोषी ठरला. बायाबापड्या मात्र अजूनही सांगतात, “तेव्हा आमच्या मुलींकडे वाकडी नजर करून बघायची कोणाची टाप नव्हती.” खरं असेलही. संरक्षण होतं, त्याची वर्गणी कोण भरत होतं, ते व्यापाऱ्यांना विचारा.

आणि मार्च २०२३? हद्द काळाचौकी पोलीस ठाण्याचीच. लालबागमधल्या एका जुन्या चाळीत, खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत एका बाईंचा मृतदेह सापडला. तो महिनोन्महिने तिथेच होता, असं पोलिसांनी सांगितलं; मुलीला अटक झाली. त्या आठवड्यात दादरपासून भायखळ्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं: “चाळीत? चाळीत असं कसं होईल?” होईल, कारण चाळ म्हणजे कठडा आणि कौलं नव्हेत. निम्म्या खोल्यांना कुलूप, मालक डोंबिवलीला किंवा विरारला. काही खोल्यांत भाडोत्री, अकरा महिन्यांनी बदलणारे. जुन्या मजल्यावर आता दोन-तीन दारं उघडी असतात, बाकीच्या दारांना सेफ्टी डोअर आणि आत एसी. बाहेरून वास आला तरी माणूस म्हणतो, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य पूर्वी टॉवरमध्ये बोललं जायचं. ते चाळीत राहायला आलं, हा खरा पुनर्विकास.

तर मग टॉवरमध्ये तरी निर्धास्त झोप लागते का? बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. शंभर वर्षांपूर्वी सरकारनं बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची खोली, मजल्याला वीस खोल्या, मधून पॅसेज. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या ४० मजली इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे. घरात संडास आला याला नाक मुरडणाऱ्याला पहाटेच्या रांगेत आठवडाभर उभा करावा. पण जी म्हातारी दार उघडं टाकून पॅसेजमध्ये लसूण सोलत बसायची, तिनं आता कुठे बसायचं? मजल्यावर मोजकी दारं, सगळी बंद, मध्ये लिफ्टची लॉबी. तिथे खुर्ची टाकली तर सोसायटी नोटीस काढणार: मार्गात अडथळा. अग्निशमनाच्या नियमांत ते बसतंही. म्हणजे नियम बरोबर, सोसायटी बरोबर, आणि म्हातारी घरात, टीव्हीसमोर. टीव्हीवर दिवसभर गुन्ह्यांच्या मालिका. संध्याकाळी सून परतली की म्हातारी विचारते, “कोण आहे?” आणि तीनदा खात्री करून मगच कडी काढते. वरळीत शंभर वर्षं उघडं राहिलेलं दार चाळिसाव्या मजल्यावर गेल्यावर आतून लागतं.

पूर्वी चाळीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की वरून आवाज यायचा, “कोण पाहिजे?” त्यात हुकूम होता, चौकशी होती आणि बऱ्याचदा “ते बाहेर गेलेत, बसा, चहा घ्या” हेसुद्धा होतं. आता तेच मोबाइलवरचं ॲप विचारतं. नाव, नंबर, फोटो, कुठल्या फ्लॅटला, काय काम. सख्ख्या मामालाही भाचीच्या दारात फोटो काढून घ्यावा लागतो. घरकाम करणाऱ्या बाईची पिशवी जाताना उघडून बघतात. साहेबांची गाडी जाताना वॉचमन सलाम ठोकतो. गाडीच्या डिकीत काय आहे, हे विचारायची प्रथा नाही.

या वॉचमनबद्दल दोन शब्द. पाच थरांतला हाडामासाचा थर तेवढा एकच. बारा तासांची ड्युटी, एजन्सीचा पगार, उभं राहायला छत्रीएवढी चौकी. त्याला साऱ्या इमारतीची नावं पाठ. त्याचं नाव कोणालाही माहीत नाही, त्याला ‘सिक्युरिटी’ म्हणतात. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या एका उत्तुंग निवासी टॉवरला १९ व्या मजल्यावर आग लागली. त्या दिवशी जीव गेला तो तिथल्या सुरक्षा रक्षकाचा. बाल्कनीच्या कठड्याला लटकलेला असताना त्याचा हात सुटला. चोराची वाट बघत बसलेल्या इमारतीत संकट आलं आगीच्या रूपानं, आणि त्याच्याशी गाठ पडली बारा तासांच्या ड्युटीवाल्याची.

कॅमेऱ्यांचंही तसंच. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मागणी झाली, २०१६ साली शहरभर पाच हजारांच्या आसपास सरकारी कॅमेरे बसले. सोसायट्यांचे, दुकानांचे वेगळे. त्यांची गणती नाही. गुन्हा उलगडायला त्यांची मदत होते, यात वाद नाही. पण कॅमेरा खाली धावत येत नाही. “ए, काय चाललंय रे तिकडे?” असं गॅलरीतून ओरडत नाही. झालेलं तो दुसऱ्या दिवशी दाखवतो, आणि सेक्रेटरीनं वार्षिक देखभालीचा करार नूतन केला नसेल तर तेही नाही.

शिवाय चोरानं वाट बदलली आहे, याची बिल्डरला खबरच नाही. तो आता पाच थरांतून येत नाही. व्हिडिओ कॉलवरून येतो, पोलिसाचा गणवेश घालून. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही तरतूद कायद्यात नाही, तरी त्या नावानं कोट्यवधी रुपये लुटले जात आहेत. मार्च २०२५ मध्ये दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींचं प्रकरण उघड झालं: दोन महिन्यांहून जास्त काळ त्या फोनवरच्या तोतया पोलिसांच्या धाकात होत्या, आणि २० कोटींहून अधिक रकमेला बुडाल्या. हा धंदा चालतो तो एकाच अटीवर: कोणाला सांगायचं नाही, दार बंद ठेवायचं. टॉवरनं ही अट आधीच पूर्ण करून ठेवलेली असते. चाळीत एवढी गुप्तता दोन तास टिकली नसती, शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली असती आणि फोनवरच्या इन्स्पेक्टरलाच विचारलं असतं, “कोण पाहिजे?” त्या प्रकरणात काहीतरी बिनसलं आहे हे कोणाच्या लक्षात आलं? घरातल्या कामवाल्या बाईच्या. आजी खोलीबाहेर येत नाहीत, चिडचिड करतात, हे तिनं पाहिलं आणि आजींच्या मुलीला सांगितलं. म्हणजे जिची पिशवी गेटवर तपासतात, त्या वर्गातली ती.

केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या राहणीमान सुलभतेच्या यादीत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली होती. अशा याद्या पाणी मोजतात, रस्ते मोजतात, कचरा मोजतात. रात्री साडेदहाला दूध आणायला खाली उतरताना बाईनं चप्पल घातली की आधी नवऱ्याला उठवलं, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण अभ्युदयनगर. गिरणी कामगारांच्या आणि अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांच्या पिढ्या जिथे वाढल्या, ती काळाचौकीतली ही म्हाडाची वसाहत आता पुनर्विकासाच्या उंबऱ्यावर आहे. सुमारे ३३ एकर जागा, पन्नासच्या आसपास बुटक्या इमारती, तीन हजारांहून जास्त घरं, जेमतेम दोनशे चौरस फुटांची. त्याऐवजी सहाशेच्या वर मिळणार. इमारती जुन्या झाल्यात, गळतात, पाडायलाच हव्यात. भांडण चौरस फुटांवर आहे, कॉर्पसवर आहे, भाड्यावर आहे. रास्तच आहे, आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट घासाघीस करूनच घ्यावी. पण सभेला बसलेल्या आठशे माणसांत कोणी उठून विचारत नाही की तळमजल्यावर काय आहे.

ते विचारा. तळमजल्यावर दुकानं, बालवाडी, बसायचे कट्टे आहेत, की सहा मजले पार्किंगचा पोडियम आहे, ज्याच्या भिंतीपलीकडे रस्ता आंधळा होणार? शहीद भगतसिंग मैदानाकडे किती खिडक्या उघडतात? आपली मुलं तिथे खेळतात, वरून त्यांना हाक ऐकू जाईल ना? एका मजल्यावर किती दारं, आणि लॉबीला उजेड बाहेरून येतो की चोवीस तास ट्यूबलाइटचा? विक्रीच्या टॉवरला आणि आपल्याला एकच गेट आहे की आपलं मागच्या गल्लीत? बिल्डर देखभालीतून मोकळा झाला की चाळीस मजल्यांच्या लिफ्टचं बिल कोण भरणार? बंद लिफ्ट आणि अंधारा जिना एवढं असलं की भीतीला बाहेरून चोर आणावा लागत नाही.

आणि सोसायटीच्या पोटनियमांत एक ओळ घालून घ्या: कोणी काय खातं यावरून घर नाकारायचं नाही. काळाचौकीत तळलेल्या बोंबलाचा वास हा सुरक्षेचा प्रश्न व्हायला लागला, तर मग आपण राहायचं कुठे?

पुनर्विकासाला ५१ टक्के संमती लागते. तेव्हा कागद घेऊन घरी आलेल्या माणसाला बसवा, चहा द्या, आणि तळमजल्याचा नकाशा मराठीत समजावून द्यायला सांगा. तो समजेपर्यंत पेनचं टोपण काढू नका.